चित्रातला महिना

मावळातल्या कुठल्याही शाळेत मुलांना 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की कागदावर दोन त्रिकोण उगवतात. त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर झोपडी, नारळाचं एक झाड आणि आभाळात चार-सहा पक्षी. विदर्भातल्या मुलाचं चित्र हेच, मुंबईतल्या चाळीतल्या मुलाचंही हेच. लोणावळ्याजवळच्या कुसगावच्या मुलाने मात्र वहीतून मान वर केली तर समोर त्रिकोण नसतो. असतो तो लांबच लांब, माथ्यावर सपाट, टप्प्याटप्प्यांनी खाली उतरणारा डोंगर. तुंग आणि तिकोना वगळले तर या भागातले बहुतेक मोठे डोंगर वरून कापल्यासारखे आडवे आहेत. लोहगड आडवा, विसापूर त्याहून आडवा. तरी हात त्रिकोणच काढतो, कारण हाताला त्रिकोण शिकवलेला आहे आणि डोळ्याला डोंगर कुणी शिकवलेला नाही.

कलाशाळेत न जाता चित्रकार होऊ पाहणाऱ्या माणसाची सगळी अडचण इथे आहे आणि सगळी संधीही इथेच. त्याला शिकवायला कुणी नाही, पण समोरचा डोंगर आहे. डोंगराकडून शिकायचं कसं, आणि शिकून झाल्यावर तो चित्रातून काढून टाकायचा कसा, हा या लेखाचा विषय आहे. अमूर्त निसर्गचित्राची निम्मी कला या काढून टाकण्यात असते.

महाराष्ट्रात स्वतःच्या बळावर चित्रं काढणाऱ्यांची वाट बरीचशी ठरलेली आहे. शाळेत असताना शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्या असतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. औपचारिक शिक्षण तिथेच संपतं. मग नोकरी आणि संसार. चाळिशी-पन्नाशीत कधीतरी कॅम्लिनची पेटी पुन्हा उघडली जाते. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या या मराठी उद्योगाचं एक मोठं ऋण आपण सहसा बोलून दाखवत नाही: हौसेने चित्रं काढणाऱ्याला परवडतील असे रंग त्याने गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत पोहोचवले. रंगांपाठोपाठ ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं घरात येतात. त्यांतही मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची पुस्तकं अधिक, कारण मुळीक स्वतः अभियांत्रिकी शिकलेले आणि घरात वडील प्रताप मुळीक यांच्यासारखे चित्रकार असले तरी कलाशाळेच्या वाटेने न आलेले. ओला कागद, त्यावर सोडलेला रंग, पांढरी राखलेली जागा, हे सगळं वाचून-पाहून जमू लागतं. आता यूट्यूबही मदतीला असतं.

काही वर्षांनी या माणसाला झाड झाडासारखं आणि घर घरासारखं काढता येतं, आणि नेमकं तेव्हाच त्याला आपलं चित्र निर्जीव वाटायला लागतं. अमूर्ताची ओढ इथून सुरू होते. ही ओढ खरी असते. तिच्याबरोबर एक गैरसमजही येतो, की अमूर्त चित्र म्हणजे रेखाटनातून सुटका. माझं मत नेमकं उलटं आहे. झाड चुकलं तरी पाहणारा ते झाड म्हणून स्वीकारतो, चित्र तरून जातं. अमूर्त चित्रात तरून जायला काही नसतं. एका रंगाशेजारी दुसरा रंग चुकला की सगळं चित्र कोसळतं. म्हणून जागा नीट पाहिल्याशिवाय केलेलं अमूर्त निसर्गचित्र हे भिंतीच्या रंगाला जुळणारं सजावटीचं कापड होऊन बसतं. लोणावळ्याच्या आसपास बंगल्यांच्या दिवाणखान्यांत अशी कापडं पुष्कळ टांगलेली आहेत.

कुसगाव बुद्रुक लोणावळ्याला जवळजवळ चिकटलेलं आहे. जनगणनेने त्याला 'नगर' म्हणून नोंदवलं असलं तरी त्याच्या कडेला अजून भातखाचरं सापडतात. पश्चिमेला कुरवंडे, जिथे इंद्रायणी उगम पावते आणि त्यापलीकडे घाट कोसळतो. पूर्वेला भाजे आणि कार्ल्याची लेणी, लोहगड आणि विसापूर. २००२ मध्ये पूर्णपणे खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गावाला लागून जातो. सिंहगड संस्थेचं मोठं शैक्षणिक संकुल इथे आहे. खोपोलीकडून डोंगराच्या पोटातून येणारा 'मिसिंग लिंक' कुसगावपाशीच बाहेर पडतो: सुमारे १३ किलोमीटरचा रस्ता, त्यातला एक बोगदा जवळजवळ ९ किलोमीटर लांबीचा आणि लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा. म्हणजे चित्रकाराला इथे एकाच नजरेत दगड, पाणी, चिखल आणि काँक्रीट मिळतं.

आधी दगड. इथल्या डोंगरांचा आडवेपणा त्यांच्या जन्मातून आलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस थरावर थर पसरत गेला. काही थर कठीण निघाले, काही बुडबुड्यांनी भरलेले आणि ठिसूळ. कठीण थराचा उभा कडा राहतो. ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो, उतारावर माती टिकते आणि मातीवर गवत. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल मातीचा पातळ पट्टा दिसतो. त्यामुळे मावळातला डोंगर दुरून पाहिला की खालून वर एक क्रम दिसतो: उतार, कडा, उतार, कडा, सपाट माथा. काळा पट्टा, रंगीत पट्टा, पुन्हा काळा. उताराचा पट्टा ऋतूनुसार रंग बदलतो, कड्याचा पट्टा जवळपास बदलत नाही. युरोपातल्या चित्रकारांना निसर्गाचे पट्टे पाडायला मोठी बौद्धिक उडी घ्यावी लागली. कुसगावच्या माणसाला डोंगराने ते पाडूनच दिले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्याला आणि त्याहून आधी भाज्याला लेणी कोरणाऱ्यांनीही असाच अखंड, कठीण थर निवडून त्यात हात घातला.

मग पाऊस. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सुमारे ७०० मिलिमीटर. दोघांत अंतर ६५ किलोमीटरच्या आसपास. घाटमाथ्याच्या या अरुंद पट्ट्यात जून ते सप्टेंबर डोंगर दिसण्यापेक्षा नाहीसा होण्यातच जास्त वेळ घालवतो. ढग वरून उतरले की माथा जातो आणि पायथा राहतो. दरीतून धुकं वर चढलं की पायथा जातो आणि माथा अधांतरी राहतो. नवशिक्याला वाटतं, अमूर्त आयतं मिळालं, कागद ओला करावा, राखाडी सोडावा, झालं. धुक्याची अशी चित्रं विकली जातात आणि गोडही दिसतात. मला ती फसवी वाटतात, कारण त्यांत धुक्याआड काय आहे याची चित्रकाराला खबर नसते. ज्याने उन्हाळ्यात तोच डोंगर कड्यानिशी, भेगांनिशी काढलेला आहे, त्याच्या पावसाळी चित्रातल्या कोऱ्या जागेला वजन असतं. ते कुठून येतं हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण जाणवतं.

पावसाळ्यात इथे चित्र काढायच्या अडचणी अगदी व्यवहारातल्या आहेत. हवेत इतका ओलावा असतो की जलरंगाचा कागद तासन्‌तास वाळत नाही, आणि एका थरावर दुसरा थर द्यायचं सारं वेळापत्रक मोडतं. तैलरंगाला आठवडे लागतात. कपाटात ठेवलेल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात. ॲक्रिलिक तुलनेने लवकर वाळतो, पण त्यालाही नेहमीपेक्षा वेळ लागतो. ही गैरसोय मी वाया गेलेली मानत नाही. रंग ओला असताना दुसरा देता येत नसेल तर आधीच ठरवावं लागतं, काय ठेवायचं आणि काय सोडायचं. पावसाळी मावळ काटकसर शिकवतो.

या वाटेवरचा मराठी पूर्वज शोधायचा तर हरि अंबादास गाडे यांच्यापाशी थांबावं लागतं. जन्म १९१७, अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर. विज्ञानाचे पदवीधर, विज्ञान आणि गणित शिकवणारे शिक्षक. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी नंतर, नागपूरच्या कलाशाळेत घेतलं, तेव्हा त्यांना शंभर टक्के स्वयंशिक्षित म्हणता येणार नाही. पण ते चित्रकलेत बाहेरून आले, आणि येताना वर्गातली शिस्त सोबत घेऊन आले. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा सूझा, रझा, हुसेन, आरा आणि बाकरे यांच्याबरोबर गाडे होते. इतर बऱ्याच जणांचं मन माणसाच्या आकृतीत, देवळांत, नग्नाकृतींत रमत असताना गाडे निसर्गदृश्याला धरून राहिले. घरं, छपरं, घाट, टेकड्या यांना त्यांनी भौमितिक तुकड्यांत बसवलं, आणि हळूहळू तुकडेच उरले. रंग जाड, आकार ठाम. गणिताच्या शिक्षकाने गाव पाहिलं तर ते असंच दिसेल, असं त्यांची चित्रं पाहताना वाटत राहतं. २००१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी चित्रकार वासुदेव गायतोंडेही गेले. गायतोंड्यांवर ग्रंथ झाले, न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये २०१४-१५ मध्ये मोठं प्रदर्शन झालं, सतीश नाईक यांच्या 'चिन्ह' या नियतकालिकाने त्यांना मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलं, आणि हे सारं योग्यच झालं. गाड्यांच्या वाट्याला महाराष्ट्रात याचा शतांशही आला नाही. निसर्गदृश्यातून अमूर्ताकडे कसं जावं याचा धडा नवख्याला गाड्यांकडून जास्त सरळ मिळतो, म्हणून ही उणीव मला सलते.

त्याच ग्रुपमधले कृष्णाजी हौळाजी आरा पूर्णपणे स्वयंशिक्षित होते. १९१४ मध्ये हैदराबादजवळच्या बोलारमला जन्म, लहानपणीच पळून मुंबईत, घरगडी म्हणून काम, गाड्या धुणं, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास. १९४२ मध्ये पहिलं एकल प्रदर्शन. त्यांचं मन फुलदाण्यांत आणि वस्तुचित्रांत जास्त रमलं, म्हणून इथे त्यांच्याबद्दल एवढंच.

या विषयाचा सगळ्यांत मोठा धडा मात्र कॅलिफोर्नियातून येतो. एतेल अदनान १९२५ मध्ये बैरूतला जन्मल्या. आई स्मर्नाची ग्रीक, वडील ऑटोमन सैन्यातले सीरियन अधिकारी. पॅरिसला तत्त्वज्ञान शिकल्या, कविता लिहिल्या आणि १९५८ पासून सान राफाएलच्या डॉमिनिकन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागल्या. त्यात कलेचं तत्त्वज्ञानही होतं. कला विभागाच्या प्रमुख ॲन ओहॅनलन यांनी त्यांना विचारलं, चित्र न काढता तुम्ही चित्रकलेबद्दल शिकवता कशा? अदनान म्हणाल्या, लहानपणी आई म्हणायची, माझे हात धांदरट आहेत. ओहॅनलन यांनी उलट विचारलं, आणि तुम्ही ते खरं मानलंत? अदनान यांनी रंग हातात घेतले तेव्हा त्या पस्तिशीच्या आसपास होत्या. अल्जीरियाच्या युद्धाच्या काळात फ्रेंचमध्ये लिहिणं त्यांना नकोसं झालं होतं. रंगांना देश नव्हता.

त्यांच्यासमोर एक डोंगर होता, तामालपाईस. उंची ७८४ मीटर, म्हणजे १,०३३ मीटरच्या लोहगडापेक्षा चांगलाच ठेंगणा. तो त्यांनी पुढची कित्येक दशकं काढला. पद्धत साधी होती. हातात मावेल एवढा छोटा कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवायचा. रंग ट्यूबमधून थेट पिळायचा, फार मिसळायचा नाही. पॅलेट नाइफने एका फटक्यात पसरवायचा. चित्र एका बैठकीत संपवायचं. एक पिवळा चौकोन, एक गुलाबी पट्टा, मध्ये डोंगराची हिरवी किंवा जांभळी चढण, कुठे एक लाल वर्तुळ. इतकंच. त्या डोंगरावर त्यांनी १९८६ मध्ये एक पुस्तकही लिहिलं. नंतर पॅरिसला राहायला गेल्यावर डोंगर समोर नव्हता, तरी तो चित्रांत येत राहिला, कारण तोवर हाताला पाठ झाला होता. जगाने त्यांना चित्रकार म्हणून ठळकपणे ओळखलं ते २०१२ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. २०२१ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या तेव्हा गुगनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन चालू होतं.

अदनान यांच्याकडून कुसगावच्या माणसाने काय घ्यावं? त्यांचे रंग नकोत. कॅलिफोर्नियाचं ऊन वेगळं, तिथला गुलाबी आपल्याकडे खोटा पडतो. घ्यायची ती निष्ठा. एकच डोंगर, पुन्हा पुन्हा, इतक्या वेळा की त्याचा आकार खांद्यातून उतरावा. कलाशाळेत हे काम मॉडेल आणि मास्तर करून घेतात. शाळा नसेल तर डोंगरालाच मास्तर करायचं आणि त्याच्या वर्गाला रोज हजर राहायचं. आज लोहगड, उद्या राजमाची, परवा पवनेचं धरण असं फिरत राहणारा माणूस सुंदर वह्या भरतो, पण त्याचं अमूर्त कधी पिकत नाही. 'स्पॉट' बदलत राहण्याचा हा हव्यास हौशी निसर्गचित्रकारांच्या गटांत मला फार दिसतो.

आपल्याकडचं दुसरं उदाहरण अमूर्ताच्या बरोबर उलट टोकाला उभं आहे, आणि तरीही ते इथे हवंच. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) शिक्षण घेतलं, मुंबईला गेले, आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. चित्रकला स्वतःची स्वतः शिकले. 'पोखरण', 'उल्हासनगर' या त्यांच्या मोठ्या चित्रांत डोंगर, खाण, कारखाना, वस्ती, रस्ता आणि माणसं एकाच विस्तीर्ण अवकाशात येतात. तीस वर्षं काळ्या-पांढऱ्या सावल्यांवरून शरीराच्या आतलं वाचणारा माणूस जमीन कशी पाहत असेल, याचा विचार करावासा वाटतो. क्ष-किरणाच्या फिल्ममध्ये कातडीही नसते, चेहराही नसतो, फक्त घनता असते. पटवर्धनांच्या नगरदृश्यांचा सांगाडा असाच आतून धरलेला असतो, असं मला वाटतं. त्यांनी माणूस मात्र कधी सोडला नाही, आणि अमूर्त करू पाहणाऱ्याने यावर थांबून विचार करायला हवा. कुसगावच्या डोंगरावरून माणूस पुसला की काय पुसलं जातं?

कारण ही जमीन रिकामी कधीच नव्हती. द्रुतगती मार्ग आला, त्याआधी १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, टाटांनी पाणी अडवलं आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार झाली. आता डोंगरउतारांवर बंगल्यांच्या कुंपणभिंती आहेत. निसर्गचित्राचे बहुतेक गट या भिंतींकडे पाठ करून बसतात आणि उरलेला हिरवा तुकडा काढतात. अमूर्त चित्रकाराला ही सवलत नाही. डोंगराच्या आडव्या पट्ट्यांत पुलाचे उभे खांब शिरले आहेत, आणि आडव्या-उभ्याचं हे नवं नातं चित्राच्या बांधणीचा भाग व्हायलाच हवं. पांढऱ्या भिंतीचा कोरा चौकोन हिरव्या उतारावर कसा टोचतो हे ज्याला रंगात सांगता आलं, त्याने आजचा कुसगाव काढला. खांब दाखवायची गरज नाही. टोचणं दाखवावं लागेल.

आपल्या आधुनिक चित्रकारांनी जमिनीपासून अमूर्ताकडे जाण्याच्या तीन वाटा पाडून ठेवल्या आहेत. अकबर पदमसी यांनी १९७० च्या सुमारास 'मेटास्केप' सुरू केले. त्यांत डोंगर, पाणी, सूर्य आणि चंद्र असतात, पण जागा कुठलीच नसते. सूर्य आणि चंद्र एकत्र आणण्याची कल्पना त्यांना कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या नांदीतून मिळाली. राम कुमार अर्थशास्त्राचे विद्यार्थी. दिल्लीत संध्याकाळच्या वर्गात चित्रकला शिकले, पुढे पॅरिसला गेले. १९६० मध्ये हुसेन यांच्यासोबत बनारसला जाऊन आल्यावर त्यांच्या चित्रांतून माणूस गेला, मग घरं विरघळली, पण बनारसचा चिखल, राखाडी उजेड आणि घाटांची उतरंड राहिली. तिसरी वाट गायतोंड्यांची. ते आपल्या चित्रांना अमूर्त म्हणायलाही तयार नसत, कारण अमूर्त म्हटलं की कशापासून तरी काढून घेतलेलं असं होतं. मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूटच्या दिवसांत ते तासन्‌तास समुद्र पाहत बसत. पुढे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि खरवडत ते वर्षाला मोजकीच चित्रं करत.

स्वतःहून शिकणाऱ्याने पहिल्यांदा राम कुमारांची वाट धरावी असं मला ठामपणे वाटतं. पदमसींच्या वाटेला पाठीशी मोठी बौद्धिक तयारी लागते. गायतोंड्यांची वाट वरून सोपी दिसते आणि तिच्यावर घसरणाऱ्यांची संख्या सगळ्यांत मोठी आहे. राम कुमारांची वाट जागेला धरून चालते. वस्तू एकेक करून जातात, जागेचा स्वभाव राहतो. तो राहिला की नाही, हे तपासता येतं.

तपासायचं कसं? मास्तर नसलेल्याचा हा खरा प्रश्न. घरचे कौतुक करतात, फेसबुकवर अंगठे मिळतात, यातून काही कळत नाही. कुसगावपुरती एक कसोटी मी सुचवतो. चित्रात डोंगर, झाड, घर, शेत काहीही ओळखू येत नसलं तरी चालेल. पण ते चित्र मावळात भात करणाऱ्या म्हाताऱ्या माणसासमोर धरलं तर त्याला महिना सांगता आला पाहिजे.

ही कसोटी हवेतली नाही. मावळात रंग महिन्याचा पक्का पत्ता देतात. फाल्गुन-चैत्रात खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, कवळ आणि गवत पसरून वरून माती टाकून राब भाजतात. बदामी, वाळक्या जमिनीवर राखेचे काळेकरडे चौकोन उठतात. त्याच दिवसांत वणवा लागलेले उतार कोळशासारखे काळे पडतात, म्हणजे कडा आणि उतार दोन्ही काळे. वर्षात एवढ्याच दिवसांत डोंगराचे पट्टे एकमेकांत मिसळतात. काटेसावर आणि पांगारा यांचा लाल असतो, पण ठिपक्याएवढा. ज्येष्ठात राबाच्या त्याच काळ्या चौकोनावर तरवा, म्हणजे भाताची रोपं, उगवतो. आजूबाजूला ओली तपकिरी माती आणि मध्ये पोपटी तुकडा, इतका पोपटी की तो ट्यूबमधल्या कुठल्याच हिरव्याने जमत नाही. लेमन येलोत निळ्याचा किंचित स्पर्श करून आणावा लागतो. आषाढात आवणी, म्हणजे रोपांची लावणी. चिखलणी केलेल्या खाचरात गढूळ पाणी, त्यात आभाळ पडलेलं, त्यावर रोपांचे विरळ हिरवे टाके. जमिनीचा रंग आणि आभाळाचा रंग एकच होण्याचा हा महिना. श्रावणात डोंगर जातो-येतो. भाद्रपदात उतारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी, आणि हिरवा आता गडद, जड. आश्विनात भात खालून पिवळं पडायला लागतं, वरून अजून हिरवं. या दोहोंमधला जो रंग आहे त्याला नाव नाही, आणि निसर्गचित्रांच्या पुस्तकांत तो सापडत नाही. कार्तिकात कापणी, मग खोडांचा फिका रंग. कारवी ज्या वर्षी फुलते त्या वर्षी हिशेबात जांभळा येतो, पण ती सात वर्षांनी येणारी पाहुणी.

हे सगळं महिन्यांचं ज्ञान कलाशाळेत मिळत नाही. इथल्या शेतकऱ्याला ते आहे, पण त्याला त्याचं चित्र करायचं नसतं. दोघांच्या मध्ये जो उभा राहील, जागेवर राहून पाहणारा आणि हातात नाइफ असणारा, त्याला कुठल्याही पदवीधर चित्रकारापेक्षा मोठी शिदोरी मिळालेली आहे. ती वापरणारे थोडे आहेत याचं वाईट वाटतं. अनेक जण दिवाळीनंतर रंगपेटी मिटतात आणि जून आला की उघडतात. वर्षभरातल्या सर्वांत अवघड महिन्यांकडे कुणी फिरकतच नाही.

ते अवघड महिने म्हणजे मार्गशीर्ष आणि पौष. धुकं नसतं, फुलं नसतात, भात निघून गेलेलं असतं, राब अजून भाजायचा असतो. उतारावरचं गवत सोनेरीकडून फिक्याकडे रोज थोडं थोडं सरकत असतं आणि कडा तसाच काळा. दुपारच्या हवेत इतकी स्वच्छता असते की दूरचा आणि जवळचा डोंगर एकाच अंतरावर वाटतो. रंगांतला फरक इतका कमी असतो की डोळा आळशी असेल तर सगळंच एक पिवळट दिसतं. मार्गशीर्षातला पिवळा आणि पौषातला पिवळा वेगळा काढता आला तर बाकीचे दहा महिने फार त्रास देणार नाहीत.

ज्याला हे करून पाहायचं आहे त्याने पावसाची वाट पाहू नये.  कार्तिकातल्या कापण्या उरकल्या की कुसगावच्या कडेला एक जागा ठरवावी आणि ती वर्षभर बदलू नये. कॅनव्हास लहान, २० बाय २० सेंटिमीटर पुरे. रंग तीन आणि पांढरा: येलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. काळा आणू नये, कड्याचा काळा सिएना आणि अल्ट्रामरीनमधून काढावा, म्हणजे तो उताराच्या पिवळ्याशी बोलतो. पहिले पंधरा दिवस पेन्सिलीने फक्त माथ्याची आडवी रेघ काढावी, कुठे खचते आणि कुठे उचलते ते हाताला कळेपर्यंत. मग रंग. महिन्याला एक चित्र ठेवावं, बाकीची पुसून त्याच कॅनव्हासवर पुन्हा करावीत. पुढच्या कार्तिकात बारा जमतील. ती पत्त्यांसारखी पिसून गावातल्या कुणा जाणत्याच्या पुढ्यात मांडावीत आणि महिन्यांच्या क्रमाने लावायला सांगावीत. जी दोन चित्रं त्याच्याकडून अदलाबदल होतील, तेवढी पुढच्या वर्षी पुन्हा काढावीत.